पाद्री फारिया : मोहनिद्रेचें मूळ शोधणारा गोमंतकीय

पणजीस मांडवीच्या कांठीं, आदिलशाही वाडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या सचिवालयाच्या शेजारीं, एक पुतळा आहे. पायघोळ झगा घातलेला एक पुरुष दोन्ही हात पुढें पसरून उभा आहे आणि त्याच्या पुढ्यांत एक स्त्री मागें कलंडून पडली आहे. आमच्या लोह्याकडील मंडळी गोव्यास सहलीला जाते, तेव्हां बहुतेकांस हा पुतळा भूत उतरविणाऱ्या एखाद्या मांत्रिकाचा वाटतो. आम्हांसही प्रथमदर्शनीं तसेंच वाटलें, हें येथें कबूल केलेलें बरें. लहानपणापासून जें दृश्य आम्ही ऐकत व पाहत आलों, तेंच आमच्या डोळ्यांनीं त्या पुतळ्यांत पाहिलें. खालचें नांव वाचलें तेव्हां आम्हांस आमचेंच हंसूं आलें. कारण ज्या पुरुषाचा तो पुतळा, त्यानें आपल्या आयुष्याचीं अखेरचीं वर्षें एवढेंच सांगण्यांत खर्च केलीं कीं, पसरलेल्या हातांत कांहीं नसतें. जें काय असतें तें समोर बसलेल्याच्या मनांत असतें. त्या पुरुषाचें चरित्र आमच्या वाचकांस सादर करीत आहों.

जुझे कुश्तोदियु द फारिया ह्यांचा जन्म १७५६ च्या मे महिन्यांत बार्देश तालुक्यांतील कांदोळी गांवीं, आजोळीं झाला. वडील कायतान व्हितोरिनो द फारिया हे त्याच तालुक्यांतील कोलवाळचे. आईचें नांव रोझा मारिया द सौझा. घराणें मूळचें सारस्वत ब्राह्मणांचें असून कांहीं पिढ्यांपूर्वीं ख्रिस्ती झालेलें होतें. मुलगा लहान असतांनाच आईबापांचें पटेनासें झालें व दोघेंही धर्माधिकाऱ्यांच्या संमतीनें विभक्त झालीं. त्यांच्या विभक्त होण्याची रीतही विलक्षण होती. विवाहापूर्वीं अर्धवट सोडलेला अभ्यास पुरा करून वडील पाद्री झाले आणि आई जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठांत जोगीण होऊन राहिली. पुढें ती त्या मठाची मुख्यही झाली. मुलगा वडिलांजवळ राहिला. १७७१ च्या फेब्रुवारींत पितापुत्र जहाजांत बसले आणि नोव्हेंबरांत लिस्बनला उतरले. त्या वेळीं मुलाचें वय अवघें पंधरा वर्षांचें होतें. पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयानें पुढील वर्षीं दोघेही रोमला गेले. तेथें मुलानें धर्मशास्त्राचा अभ्यास केला आणि १७८० सालीं त्यास दीक्षा व आचार्यपद अशा दोन्ही गोष्टी प्राप्त झाल्या.

फारियांविषयीं गोव्यांत घरोघर सांगितली जाणारी एक आख्यायिका आहे. तरुण पाद्री लिस्बनला परत आले असतां, राणीसाहेबांच्या केलूश येथील राजवाड्यांतील प्रार्थनामंदिरांत प्रवचन करण्यासाठीं त्यांस पाचारण झालें. व्यासपीठावर चढून पाहतात तों समोर राणी, सरदार, मानकरी, जरतारी पोशाख! पाद्रीबोवांची जीभ टाळूला चिकटली. एक शब्द फुटेना. तेव्हां जवळच बसलेल्या वडिलांनीं हळूच कोंकणींत सांगितलें कीं, बाबा रे, ही सगळी भाजी आहे असें समज आणि खुशाल काप. त्यासरशीं मुलाची भीति कोठच्या कोठें पळाली व प्रवचन अस्खलित झालें. ही गोष्ट अक्षरशः घडली असो वा नसो, तिच्यांतील मर्म विचार करण्याजोगें आहे. राणी तीच, सरदार तेच, प्रवचनकारही तोच. बदललें तें एवढेंच कीं, समोर काय आहे ह्याबद्दलची त्याच्या मनांतील कल्पना. तेवढ्यानें कोरडा पडलेला घसा ओला झाला. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांनीं वक्तृत्वस्पर्धेंत घाम पुसला आहे त्यांस हें निराळें समजावून सांगावयास नको.

१७८७ सालीं गोव्यांत पोर्तुगीज सत्तेविरुद्ध पिंटो घराण्याच्या पुढारीपणाखालीं कट झाला, तो फसला आणि पुढच्या वर्षीं पंधरा जणांस पणजींत देहान्त शिक्षा झाली. लिस्बनमधील गोमंतकीयांवरही संशयाची नजर वळली. १७८८ मध्यें फारिया पॅरिसला निघून गेले. पुढच्याच वर्षीं तेथें राज्यक्रांति झाली. १७९५ च्या ऑक्टोबरांत राष्ट्रसभेविरुद्ध जो उठाव झाला, त्यांत ह्या पाद्र्यानें एका तुकडीचें नेतृत्व केलें असें सांगतात. परंतु त्यांची कीर्ति लढाईनें झालेली नाहीं, म्हणून तो भाग आम्ही येथेंच सोडतों.

त्या काळच्या पॅरिसमध्यें एका नव्या विद्येचें वेड पसरलें होतें. फ्रान्झ मेस्मर नांवाचा वैद्य १७७८ सालीं तेथें आला. विश्वांत चुंबकासारखा एक सूक्ष्म द्रव भरलेला आहे, त्याचा शरीरांतील प्रवाह अडला म्हणजे रोग होतो, आणि वैद्यानें आपल्या हातांनीं तो प्रवाह मोकळा केला म्हणजे रोग जातो, असें त्याचें मत होतें. एका मोठ्या लांकडी पिंपाभोंवतीं रोगी बसत, पिंपांतून बाहेर आलेल्या लोखंडी सळया दुखऱ्या अंगाला लावीत, मंद वाद्यें चालत, आणि थोड्याच वेळांत कोणी हंसूं लागे, कोणी रडे, कोणाला झटके येत. झटके येऊन गेल्यावर पुष्कळांस बरें वाटे. आमच्याकडे हलगीच्या ठेक्यावर अंगांत आलेलें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस हें चित्र अगदींच परकें वाटूं नये.

सोळाव्या लुई राजानें १७८४ मध्यें ह्याची चौकशी करण्यास विद्वानांचें एक मंडळ नेमलें. त्यांत अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन व रसायनशास्त्राचे आचार्य लाव्हाझिए होते. त्यांनीं केलेली परीक्षा शाळेंतल्या मुलांनाही समजेल इतकी सोपी होती. फ्रँकलिनसाहेबांच्या बागेंतील एकाच झाडांत द्रव भरण्यात आला आणि बारा वर्षांच्या एका मुलाचे डोळे बांधून त्यास निराळ्याच झाडांपाशीं नेण्यांत आलें. पहिल्या झाडापाशीं त्यास घाम सुटला व खोकला आला. दुसऱ्यापाशीं डोकें दुखून भोंवळ आल्यासारखें झालें. चौथ्यापाशीं तो बेशुद्ध होऊन त्याचे हातपाय ताठ झाले. खरें भारलेलें झाड दूरच राहिलें होतें! तसेंच एका बाईस साध्या पाण्याचे पेले एकामागून एक दिले. चौथ्या पेल्याबरोबर तिला झटका आला. शुद्धीवर येतांना तिनें पाणी मागितलें तेव्हां मुद्दाम भारलेला पेला तिच्या हातीं दिला, आणि तो तिनें शांतपणें पिऊन टाकला.

मंडळानें निर्णय दिला कीं द्रव अस्तित्वांतच नाहीं, हा सर्व कल्पनेचा खेळ आहे. निर्णय खरा होता. परंतु कल्पनेचा खेळ एवढें म्हणून त्या थोर पुरुषांनीं बहुतेक दप्तर मिटलें. जी कल्पना धडधाकट मुलास बेशुद्ध पाडते, ती आहे तरी काय, हा प्रश्न तसाच राहिला. फारियांचें महत्त्व आम्हांस वाटतें तें येथें. इतरांनीं ज्या शब्दावर चौकशी संपविली, त्या शब्दापासून त्यांनीं ती सुरू केली.

हें ज्ञान त्यांस एका दिवसांत झालें नाहीं. प्रारंभीं तेही चुंबकवाद्यांच्याच मेळ्यांत होते. शातोब्रियां ह्या सुप्रसिद्ध फ्रेंच लेखकानें आपल्या आठवणींत त्यांची थट्टा करून ठेवली आहे. एका मेजवानीच्या प्रसंगीं पाद्रीबोवांनीं पिंजऱ्यांतील एका लहान पांखरास केवळ आपल्या शक्तीनें मारून दाखविण्याची प्रौढी मिरविली, पण पांखरूंच बलवान् ठरलें आणि बोवांसच तेथून काढता पाय घ्यावा लागला, अशी ती हकीकत आहे. लेखकाचा हेतु हंसविण्याचा आहे, तो आम्हीही हंसून मान्य करतों. पण त्या पांखराला समोरचा गृहस्थ कोण, तो काय करणार, हें कोणीं सांगितलें नव्हतें. त्याला कशाची वाटच पाहावयाची नव्हती. ही गोष्ट त्या दिवशीं फारियांच्या ध्यानांत आली किंवा कसें, हें शातोब्रियांनें लिहिलेलें नाहीं.

मध्यंतरीं त्यांनीं मार्सेय व नीम येथें तत्त्वज्ञान शिकविलें. १८१३ मध्यें ते पॅरिसला परतले आणि ११ ऑगस्ट रोजीं क्लिशी रस्त्यावरील ४९ क्रमांकाच्या घरांत त्यांनीं जाहीर व्याख्यानें सुरू केलीं. दर गुरुवारीं व्याख्यान व प्रयोग होत. प्रवेशास पांच फ्रँक पडत. सांवळा वर्ण, उंच बांधा, पिकूं लागलेले केस आणि हिंदुस्थानांतून आलेला ब्राह्मणवंशीय पाद्री ही ख्याति! पॅरिसचें लोक पूर्वेकडची जादू पाहावयाच्या तयारीनेंच येत असावे. आमच्या मतें ह्या तयारीचाही त्यांच्या यशांत वांटा होता; आणि ज्याचा सिद्धान्तच तो होता, त्यानें ह्याचा राग मानला नसता.

त्यांच्या प्रयोगांत ना पिंप होतें, ना सळई, ना वाद्यें. आरामखुर्चींत बसवून डोळे मिटावयास सांगावयाचें, चित्त झोंपेवर एकाग्र करावयास सांगावयाचें आणि मग गंभीर आवाजांत एकदम झोंपण्याची आज्ञा द्यावयाची. एकदोन वेळां आज्ञा देऊन गुण न आला तर उघडा पंजा हळूहळू डोळ्यांजवळ आणावयाचा, किंवा कपाळाला हलका स्पर्श करावयाचा. तेवढ्यानेंही कांहीं झालें नाहीं, तर त्या मनुष्यास मोकळें करावयाचें. आलेल्यांपैकीं थोडेच असे झोंपत. पण जे झोंपत त्यांच्या बाबतींत आश्चर्य घडे. सांगितलें कीं थंडी आहे, कीं ते कुडकुडत. साधें पाणी मद्य म्हणून दिलें तर त्यांस मद्याची चव लागे. जागें झाल्यावर अमुक करावें असें झोंपेंत बजावलें, तर जागेपणीं तें करीत आणि कां केलें हें त्यांस सांगतां येत नसे.

हें सारें दाखवून फारिया श्रोत्यांस सांगत कीं, ह्यांत माझें सामर्थ्य कांहीं नाहीं. झोंपेचें कारण झोंपणाऱ्यांत आहे, झोंपविणाऱ्यांत नाहीं. ज्याची इच्छा नाहीं, त्यास कोणीही झोंपवूं शकत नाहीं. चुंबकत्व हा शब्दच त्यांनीं टाकून दिला व त्याऐवजीं एकाग्रता हा शब्द घेतला. मांत्रिक स्वतःच प्रेक्षकांस सांगतो कीं मंत्रांत कांहीं नाहीं, असा प्रसंग जगांत फारसा घडत नाहीं. अर्थात् त्यांचें सर्वच बरोबर होतें असें नव्हे. ज्याचें रक्त पातळ तो लवकर झोंपतो, अशी त्यांची समजूत होती, आणि रक्त काढल्यानें माणूस ह्या कामास योग्य होतो असेंही ते म्हणत. ही समजूत पुढें कोणीं उचलली नाहीं, हें ठीकच झालें.

त्यांच्या मूळ विचारास मात्र पुढील दोनशें वर्षांत बळकटीच येत गेली. १८९९ सालीं अमेरिकेंत स्लॉसन नांवाच्या एका प्राध्यापकानें वर्गांत बाटलींतून कापसावर पाणी ओतलें व सांगितलें कीं हें एक उग्र वासाचें रसायन आहे. ज्यास वास येईल त्यानें हात वर करावा. बाटलींत निव्वळ ऊर्ध्वपातित पाणी होतें. थोड्याच सेकंदांत पुढच्या बांकांवरील बहुतेकांचे हात वर गेले, लाट मागपर्यंत पोंचली, आणि पुढच्या कांहीं जणांस इतका त्रास होऊं लागला कीं एका मिनिटांत प्रयोग थांबवावा लागला. ही मुलें खोटें बोलत नव्हतीं. आज शास्त्रज्ञ असें मानतात कीं, डोळे, कान व नाक ह्यांच्याकडून येणारी बातमी तुटपुंजी असते. मेंदू ती येण्याची वाट पाहत बसत नाहीं. मागील अनुभवावरून तो आधींच अंदाज बांधतो आणि आलेली बातमी त्या अंदाजाशीं ताडून पाहतो. उजेड चांगला असेल तर चुकलेला अंदाज दुरुस्त होतो. अंधारांत, तापांत, भीतींत किंवा गर्दीच्या गजरांत बातमी अंधुक आणि अंदाज जबरदस्त असतो. मग अंदाजच दिसूं व ऐकूं येतो. १९७८ मध्यें कॅलिफोर्नियांत दाढ काढलेल्या रोग्यांवर केलेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, बिनऔषधाची सुई घेऊन ज्यांच्या वेदना कमी झाल्या, त्यांच्या वेदना अफूची क्रिया रोखणारें औषध दिल्यावर पुनः वाढल्या. म्हणजे गुण येणार ह्या भरंवशावर मेंदूनें स्वतःचेंच अफूसारखें द्रव्य तयार केलें होतें, असा त्याचा अर्थ लावण्यांत आला.

घरीं करून पाहण्याजोगा एक प्रयोगही आहे. एक मोठा डबा व एक लहान डबा घेऊन वाळूनें दोहोंचें वजन अगदीं सारखें करावें आणि उचलावयास सांगावें. लहान डबा जड लागतो. तराजूंत घालून दाखविल्यावर पुनः उचलला तरी जडच लागतो! मोठें तें जड असणार हें हाताला ठाऊक असतें, म्हणून तो मोठ्यासाठीं आधींच तयार होतो आणि मोठा डबा अपेक्षेहून हलका निघतो. खरें काय तें समजलें म्हणून अनुभव बदलतोच असें नाहीं. ही गोष्ट ज्येष्ठांनीं विशेष लक्षांत घ्यावी.

आम्हीं स्वतः लहानपणीं माळेगांवच्या यात्रेहून रात्रीं बैलगाडींतून परततांना वाटेवरच्या विहिरीच्या कांठावर पांढरें पातळ नेसलेली बाई पाहिली होती. तिनें मान वळविली, हेंही पाहिलें होतें. गाडीवान मामांनीं त्या विहिरीची कथा मैलभर आधींच सांगितली होती. दुसऱ्या दिवशीं उन्हांत त्याच ठिकाणीं बाभळीवर अडकलेलें एक फाटकें धोतर होतें. मान वळविणारें त्यांत कांहींच नव्हतें. पण त्या रात्रीं भरलेला ताप मात्र खरा होता, आणि आमच्या आईनें तो कपाळाला हात लावून पाहिला होता.

अशा गोष्टी नेहमींच धोतरावर संपत नाहींत. आमच्या मराठवाड्यांत भानामतीचें नांव न ऐकलेला मनुष्य विरळा. एका घरांत एक सून कण्हूं लागते, घुमूं लागते. तें पाहून शेजारची मुलगी, मग तिची मैत्रीण. गांव दोन पक्षांत विभागतो. एक पक्ष म्हणतो, कोणीतरी करणी केली आहे. आणि तो कोणीतरी बहुधा गांवांतला सर्वांत गरीब किंवा एकाकी मनुष्य निघतो. अशा माणसांस मारहाण करण्यापर्यंत, त्यांचे दांत पाडण्यापर्यंत मजल गेलेली आहे. महाराष्ट्रानें २०१३ सालीं जादूटोणाविरोधी कायदा केला व त्यांत भानामतीचा नांवानिशीं उल्लेख आहे, तो उगाच नव्हे. दुसरा पक्ष स्वतःस सुशिक्षित म्हणवितो आणि सांगतो कीं ह्या पोरी ढोंग करीत आहेत, दोन थपडा द्या म्हणजे गप्प बसतील. फारियांचें म्हणणें ह्या दोहोंहून निराळें पडतें. बाहेरून कोणीं कांहीं पाठविलेलें नाहीं, म्हणून शेजाऱ्यास धरून मारण्याचें कारण नाहीं. पण त्या मुलीचें कण्हणेंही खोटें नाहीं. तिला जें होतें तें होतेंच, फक्त तें तिच्या भीतींतून, दुःखांतून आणि आतां आपलेंही असेंच होणार ह्या धास्तींतून उगवलेलें असतें. तिला थप्पड नको आणि मांत्रिकही नको. तिला डॉक्टरकडे नेणारें व तिचें ऐकून घेणारें माणूस हवें. ह्या दोन पक्षांच्या मध्यें उभें राहणें किती कठीण, हें फारियांनाही लवकरच कळून आलें.

चुंबकवादी त्यांच्यावर रुष्ट झाले, कारण त्यांनीं द्रव नाकारला. कांहीं धर्मपंडितांनीं हें सैतानाचें काम ठरविलें, जरी फारिया स्वतः अखेरपर्यंत निष्ठावंत पाद्रीच होते. आणि जे कशावरच विश्वास ठेवीत नव्हते, त्यांनीं त्यांस ढोंगी म्हटलें. एके दिवशीं एक नट त्यांच्या प्रयोगास आला, झोंपल्याचें सोंग करून खुर्चींत पडला आणि ऐन वेळीं डोळे उघडून भरसभेंत त्यानें त्यांची फजिती केली. १८१६ सालीं पॅरिसच्या रंगभूमीवर चुंबकवेडाची टर उडविणारें एक प्रहसन आलें व त्यांतील पाद्री पाहून सारें शहर हंसलें. एका नटास फसवितां आलें, एवढ्यावरून सर्वच झोंपणारे नट ठरले! व्याख्यानांची गर्दी ओसरली.

उतारवयांत फारियांनीं एका लहानशा कन्याशाळेंत धर्मगुरूची चाकरी पत्करली आणि मिळेल त्या वेळीं आपला ग्रंथ लिहावयास घेतला. जागृत निद्रेचें कारण हा त्याचा विषय. चार भागांचा संकल्प होता. पहिला भाग १८१९ सालीं छापून निघाला आणि त्याच वर्षीं २० सप्टेंबर रोजीं ते अर्धांगाच्या झटक्यानें पॅरिसमध्यें वारले. माँमार्त्र येथें त्यांचें दफन झालें. थडग्यावर नांव घालण्यात आलें नाहीं.

नोआझे नांवाच्या एका फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यानें त्यांचीं व्याख्यानें ऐकलीं होतीं. त्याच्या लेखनांतून त्यांचा विचार जिवंत राहिला. १८४३ मध्यें स्कॉटिश वैद्य जेम्स ब्रेड ह्यानें ह्या निद्रेस आज सर्वत्र रूढ असलेलें इंग्रजी नांव दिलें, आणि पुढें नान्सी शहराचे वैद्य लिएबो व बेर्नहाइम ह्यांनीं सूचनेच्या जोरावर रोग्यांवर उपचार चालविले, तेव्हां गोव्याच्या पाद्र्याची आठवण पुनः निघाली. १९०६ सालीं डॉ. दलगादो ह्या गोमंतकीय वैद्यानें त्यांचें चरित्र प्रसिद्ध केलें; १९२५ मध्यें पोर्तुगालचे एगास मोनिश ह्यांनीं, ज्यांस पुढें १९४९ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. मध्यंतरीं कादंबरीकार अलेक्झांडर ड्यूमा ह्यानें आपल्या माँटे क्रिस्टोच्या गोष्टींत एका पाद्र्यास फारियांचें नांव देऊन समुद्रांतील किल्ल्यांत कोंडून ठेवलें होतें. त्यानें त्यास इटालियन केलें, आणि मोहनिद्रेऐवजीं गुप्त खजिन्याचा ठावठिकाणा त्याच्या स्वाधीन केला. ती गोष्ट जगभर वाचली गेल्यामुळें पुष्कळांस फारिया म्हटलें कीं तो कैदीच आठवतो.

पणजीचा पुतळा १९४५ सालचा. मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामत ह्या शिल्पकारानें तो घडविला.